नाव ही एक अमानत : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुंबईत बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, घुमट आणि कमानी असलेली एक जुनी दगडी इमारत उभी आहे. रोज लाखो माणसे तिच्यासमोरून जातात. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. सिनेनट दिलीपकुमार आणि क्रिकेटपटू वसीम जाफर हे अंजुमनचेच विद्यार्थी, हेही मुलांना पाठ असते. पण ही संस्था उभी करणाऱ्यांत अग्रभागी कोण होते, असे विचारले तर दहांपैकी आठ मुले गप्प बसतील. ज्यांचे नाव त्यांनी सांगायला हवे ते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आपल्या काळी साऱ्या हिंदुस्थानात गाजलेले होते. वर्तमानपत्रे त्यांची भाषणे छापत, गव्हर्नर त्यांचा सल्ला घेत, आणि त्यांनी एखाद्या पत्रकावर सही केली की त्या पत्रकाला वजन येई.

प्रसिद्ध माणूस म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आजच्या मुलांच्या मनात पूर्वीपेक्षा अधिक घोळतो. नाव व्हावे, चार माणसांनी ओळखावे, ही इच्छा वाईट नाही. परंतु नाव झाल्यावर माणसावर काय काय येऊन पडते याचा विचार फारसा कोणी करत नाही. तय्यबजींचे चरित्र त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. म्हणून आमच्या विद्यार्थी मित्रांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा जमातीचे, मूळ खंबायतचे. वडील मुल्ला तय्यब अली भाईमियाँ व्यापारी होते. स्वतः जुन्या वळणाचे, दीनदार गृहस्थ; पण दृष्टी मात्र लांबची. त्या काळी मुसलमान समाजात इंग्रजी शिक्षणाविषयी मोठा संशय होता. इंग्रजी शिकला की मुलगा दीनापासून दुरावला, असे भलेभले म्हणत. विलायतेला जाणे तर फारच दूरची गोष्ट. अशा दिवसांत या व्यापाऱ्याने आपल्या सातही मुलांना शिक्षणासाठी युरोपला पाठवले. लोक बोलत राहिले, मुल्लासाहेब आपले काम करत राहिले.

मुलांनी हे लक्षात ठेवावे की मोठ्या माणसाच्या चरित्राचे पहिले पान बहुधा त्याने स्वतः लिहिलेले नसते. बद्रुद्दीन यांच्या चरित्राचे पहिले पान त्यांच्या वडिलांनी लिहिले. दुसरे लिहिले थोरले बंधू कमरुद्दीन यांनी. ते विलायतेत सॉलिसिटर झाले. १८५८ साली हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. थोरल्या भावाचे पाहून धाकट्याने बॅरिस्टर व्हायचे ठरवले.

बद्रुद्दीन प्रथम दादा मखरा यांच्या मदरशात उर्दू आणि फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. लहानपणापासून डोळ्यांनी त्यांना फार त्रास दिला. उपचारासाठी फ्रान्सपर्यंत जावे लागले. १८६० साली, सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडला शिकू लागले. लंडन विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन १८६३ साली त्यांनी कायद्याच्या अभ्यासासाठी मिडल टेंपलमध्ये नाव घातले. पण डोळे पुन्हा बिघडले आणि १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धा टाकून मुंबईला परतावे लागले. ज्या मुलाच्या शिक्षणावर साऱ्या जमातीची नजर होती, तो हात हलवत परत आला. अशा वेळी बोलणाऱ्यांची तोंडे कोण धरणार? पण तय्यबजींनी वर्षभर विश्रांती घेतली, याच काळात त्यांचा विवाह राहत-उन्-नफ्स यांच्याशी झाला, आणि १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते मुंबईला परतले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. या हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. तोपर्यंत बॅरिस्टर म्हटला की तो गोराच असायचा. अशा ठिकाणी पहिला म्हणून उभे राहणाऱ्याचे नाव आपोआप होते, हे खरे. पण त्या नावाला एक काटाही असतो. इतर बॅरिस्टर एखादा दावा हरला तर तो एक दावा हरला, एवढेच. पहिला हिंदी बॅरिस्टर हरला असता, तर हिंदी माणसाला हे काम जमत नाही असे म्हटले गेले असते. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांच्या अंगावरचा झगा त्यांच्या एकट्याचा नव्हता. तय्यबजींनी मेहनत केली, कायद्याचा आणि साक्षीपुराव्याचा कसून अभ्यास केला, आणि पाहता पाहता मुंबईच्या आघाडीच्या वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. पैसा आला, घर आले, मान आला.

येथे पुष्कळांचे चरित्र संपते. नाव झाले, पैसा झाला, मुलाबाळांची सोय झाली. आणखी काय पाहिजे? तय्यबजींच्या बाबतीत मात्र येथून खरी सुरुवात झाली. १८७३ साली ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर गेले. १८७५ पासून पुढे तीस वर्षे ते मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर होते. १८८२ साली त्यांची मुंबईच्या कायदे कौन्सिलावर नेमणूक झाली. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी, म्हणजे एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान, या तिघांची जोडी मुंबईच्या सार्वजनिक जीवनात प्रसिद्ध होती. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार देणाऱ्या इलबर्ट बिलावरून जेव्हा गोऱ्या लोकांनी काहूर माजवले, तेव्हा २८ एप्रिल १८८३ रोजी टाऊन हॉलमध्ये झालेल्या सभेत या तिघांनी हिंदी लोकांची बाजू मांडली. १८८५ साली याच तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे यजमानपद या असोसिएशनने स्वीकारले.

परंतु आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे काम आधीच सुरू झाले होते. मुसलमान मुले शाळेत फार थोडी, वरच्या वर्गात त्याहून थोडी आणि कॉलेजात तर बोटावर मोजण्याइतकी, ही स्थिती तय्यबजी रोज पाहत होते. हायकोर्टात, कचेऱ्यांत, विद्यापीठात जिकडेतिकडे इतर समाजांची शिकलेली मुले दिसत. आपली दिसत नसत. यावर १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. कमरुद्दीन तय्यबजी, बद्रुद्दीन तय्यबजी, नाखुदा मुहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद ही त्यातील प्रमुख मंडळी. कमरुद्दीन अध्यक्ष झाले आणि बद्रुद्दीन यांनी चिटणिसाचे काम अंगावर घेतले.

यातील नावे नीट वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येईल. तय्यबजी बंधू सुलेमानी बोहरा, तर रोगे हे कोकणी मुसलमान समाजातील, जहाजांचा धंदा करणाऱ्या घराण्यातले. पंथ वेगळे, बोली वेगळ्या, चालीरीती वेगळ्या. प्रत्येकाने आपापल्या जमातीपुरती शाळा काढली असती तरी कोणी नाव ठेवले नसते. आपल्या जमातीत नाव मात्र अधिक झाले असते. पण या मंडळींनी साऱ्या मुसलमान मुलांसाठी एकच संस्था काढली.

अंजुमनची शाळा १८८० साली बाबुला टँकजवळ सुरू झाली. दीनी तालीम आणि उर्दू यांच्या जोडीला इंग्रजी आणि नवे विषय शिकवावेत, असा बेत होता. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. त्या वेळी दोन्ही बाजूंनी नाराजी होती. जुन्यांना इंग्रजी नको होते, नव्यांना दीनी शिक्षणात वेळ का घालवावा असे वाटे. तय्यबजींचे म्हणणे असे की मुलाच्या हातून दीन सुटू नये आणि दुनियाही सुटू नये. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढेही त्यांनी मुसलमानांच्या शिक्षणाची कैफियत मांडली.

शाळा चालवायची म्हणजे पैसा हवा, जागा हवी, सरकारी मदत हवी. येथे तय्यबजींचे नाव कामाला आले. मोठ्या वकिलाने दार ठोठावले की दार उघडते. त्याने शब्द टाकला की व्यापारी हात आखडता घेत नाहीत. स्वतःसाठी कधी कोणाकडे काही न मागणारा हा माणूस शाळेसाठी मात्र मागत राहिला. नाव म्हणजे बाजारातील पत. ती घरच्या तिजोरीत ठेवून वाढत नाही. चांगल्या कामासाठी वापरली तरच तिचा उपयोग, आणि एकदा चुकीच्या कामाला वापरली की संपते. तय्यबजींनी ती शाळेच्या कामी लावली. बोरीबंदरच्या इमारतीची पायाभरणी १८९० साली झाली आणि १८९३ साली इमारत खुली झाली. १८९० पासून मृत्यूपर्यंत ते अंजुमनचे अध्यक्ष होते. म्हणजे चिटणीस आणि अध्यक्ष मिळून जवळजवळ बत्तीस वर्षे हा माणूस एकाच संस्थेचे जू खांद्यावर घेऊन चालला. संस्थेच्या उद्घाटनाला हजर राहणारे पुष्कळ असतात. तिचा जमाखर्च तीस वर्षे पाहणारे थोडे.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. १८८७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून सहाशेहून अधिक प्रतिनिधी आले होते. अध्यक्षस्थानी बद्रुद्दीन तय्यबजी होते. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष. एका हिंदी माणसाला त्या काळी याहून मोठा सार्वजनिक मान मिळणे शक्य नव्हते. आपल्या भाषणात त्यांनी असे मांडले की सर्वांच्या हिताच्या गोष्टींत मुसलमानांनी इतर देशबांधवांपासून वेगळे राहण्याचे कारण नाही.

नेमक्या त्याच दिवसांत, २८ डिसेंबरला, लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी भाषण करून मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहण्यास सांगितले. सर सय्यद म्हणजे अलीगढ कॉलेजचे संस्थापक, वयाने वडील, मुसलमानांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेले बुजुर्ग. दोघांचेही ध्येय एकच: कौमची मुले शिकावीत. पण राजकारणाच्या वाटेवर दोघे समोरासमोर आले. १८८८ साली दोघांत पत्रव्यवहार झाला. तय्यबजींनी मर्यादा न सोडता आपले म्हणणे मांडले, सर सय्यद यांनी आपले. मतभेद मिटला नाही.

याचा परिणाम असा झाला की कालपर्यंत कौमचा अभिमान म्हणून ज्यांचे नाव घेतले जाई, त्यांच्यावर कौमच्याच लोकांकडून टीका होऊ लागली. ठिकठिकाणच्या मुसलमान संस्थांनी काँग्रेसविरुद्ध ठराव केले. प्रसिद्ध माणसाच्या वाट्याला येणारी ही दुसरी बाजू. गळ्यातला हार सर्वांना दिसतो, पण त्यामुळे वाकलेली मान कोणी पाहत नाही. सामान्य माणसाचे मत चुकले तर घरातल्या घरात राहते. मोठ्या माणसाच्या मताची चर्चा चव्हाट्यावर होते, आणि त्याचा राग त्याच्या संस्थेवर, त्याच्या घरच्यांवरही निघू शकतो.

तय्यबजी या वेळी कसे वागले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी विरोधकांना मूर्ख ठरवले नाही आणि टीकेला भिऊन आपले मतही बदलले नाही. मुसलमानांची भीती कशात आहे याचा त्यांनी शांतपणे विचार केला. आपण संख्येने थोडे असल्यामुळे आपल्या हिताविरुद्ध ठराव होतील, ही ती भीती होती. म्हणून त्यांच्या आग्रहावरून काँग्रेसने १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात असा नियम केला की ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने किंवा जवळजवळ एकमताने विरोध असेल तो विषय चर्चेलाच घेऊ नये. एवढ्यावर ते थांबले नाहीत. विरोध वाढतच आहे असे पाहून त्याच वर्षी त्यांनी काँग्रेसचे चिटणीस ह्यूमसाहेब यांना पत्र लिहून काही वर्षे अधिवेशने तहकूब ठेवावीत अशी सूचनाही केली. ही सूचना मान्य झाली नाही. ती बरोबर होती की चूक, यावर आजही दोन मते होऊ शकतील. पण ज्या संस्थेच्या अध्यक्षपदामुळे आपले नाव देशभर झाले तीच काही काळ थांबवावी, असे सुचवायला मन मोठे लागते. ज्याला केवळ नावाची भूक असते तो असे पत्र लिहीत नाही. समाजात दुफळी पडू नये, ही चिंता त्यांना स्वतःच्या मानापेक्षा मोठी वाटली.

१८९५ साली सरकारने त्यांना मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती नेमले. या हायकोर्टाचे ते पहिले मुसलमान न्यायमूर्ती. न्यायाधीशाने सभा, मोर्चे, पक्ष यांपासून दूर राहायचे असते. वीस वर्षे व्यासपीठ गाजवलेल्या वक्त्याने आता इतरांचे ऐकून घ्यायचे होते. पण त्यांच्या नावाची खरी कसोटी याच खुर्चीवर लागली.

१८९७ हे वर्ष प्लेगचे. पुण्यात रँडसाहेबाचा खून झाला होता, सरकार चिडलेले होते. जुलै महिन्यात ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामिनासाठी अर्ज झाले ते फेटाळले गेले. हायकोर्टातही प्रथम जामीन मिळाला नाही. खटला सेशन्सकडे गेल्यावर ऑगस्टच्या आरंभी बॅरिस्टर दिनशा दावर यांनी टिळकांच्या वतीने पुन्हा अर्ज केला. तो न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आला.

वातावरण कसे होते याची वाचकांनी कल्पना करावी. सरकारला टिळक तुरुंगातच हवे होते. तय्यबजी आणि टिळक यांचे राजकारणाचे मार्गही एक नव्हते. त्यापूर्वी चारच वर्षे मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती आणि दोन्ही समाजांची मने दुखावलेली होती. अशा वेळी एका मुसलमान न्यायाधीशाने अर्ज फेटाळला असता, तर सरकारने कौतुक केले असते आणि पूर्वीचे निकाल आधाराला होतेच. पण त्यांनी कायदा पाहिला. जामिनाचा हेतू आरोपी खटल्याला हजर राहावा एवढाच असतो. आरोप सिद्ध होण्यापूर्वी शिक्षा देणे हा नव्हे. आणि आरोपीला आपल्या बचावाची तयारी करायला मोकळीक मिळाली नाही तर न्यायच अपुरा राहतो. हा विचार करून त्यांनी टिळकांना जामीन मंजूर केला. पुढे सप्टेंबरात दुसऱ्या न्यायाधीशांपुढे खटला चालला, नऊ पंचांपैकी सहा गोऱ्या पंचांनी दोषी ठरवले, तीन हिंदी पंचांनी निर्दोष म्हटले, आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. जामिनाचा तो निर्णय मात्र कायद्याच्या जगात राहिला. १९०८ साली टिळकांवर पुन्हा खटला झाला तेव्हा त्यांच्या वकिलांनी या निर्णयाचा आधार घेतला. त्या वेळी न्यायासनावर होते तेच दावर. ज्यांनी पूर्वी टिळकांसाठी जामीन मागितला होता, त्यांनीच आता तो नाकारला. इतिहासात असे योग येतात.

महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला टिळकांचे नाव माहीत असते. त्या नावाच्या इतिहासात एका मुसलमान न्यायमूर्तीच्या निःपक्षपाती सहीचे एक पान आहे, हे आमच्या मुलांना आणि त्यांच्या हिंदू मित्रांनाही माहीत असायला हवे.

१९०२ साली तय्यबजींनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी. १९०३ साली मुंबईत मुसलमान शैक्षणिक परिषदेचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष तेच होते. त्या व्यासपीठावरून त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार केला आणि पडद्याच्या कडक प्रथेविरुद्ध मत दिले. साहजिकच पुष्कळांना ते रुचले नाही.

सभेत मुलींच्या शिक्षणावर बोलणे सोपे असते. तय्यबजींनी ते आपल्या घरापासून सुरू केले होते. आपल्या मुलींना त्यांनी शिकवले, आणि १९०४ साली दोन मुलींना शाळेसाठी इंग्लंडला पाठवले. ज्या काळी मुलगा विलायतेला गेला तरी कुजबुज होई, त्या काळी मुली पाठवणे म्हणजे काय, हे आमच्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. वडिलांनी सात मुलांसाठी जे केले होते तेच मुलाने मुलींसाठी केले. माणूस मंचावर जे बोलतो ते घरी करतो की नाही, हे पाहिले म्हणजे त्याच्या प्रसिद्धीचे खरे वजन कळते. योगायोग पाहा: वॉर्डन रोडवरील त्यांचे राहते घर सॉमरसेट हाऊस पुढे इतरांच्या हाती गेले, आणि आज त्या आवारात मुलींचे सोफिया कॉलेज आहे.

१९०६ साली ते रजेवर इंग्लंडला गेले होते. १९ ऑगस्ट रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे एकसष्ट. ज्या शहरात सोळाव्या वर्षी दुखऱ्या डोळ्यांनी पुस्तके वाचली, त्याच शहरात त्यांचे डोळे कायमचे मिटले.

त्यांच्यामागे काय उरले? घराण्यात मोठी माणसे झाली. पुतणे अब्बास तय्यबजी यांनी १९३० साली गांधीजींच्या अटकेनंतर मिठाच्या सत्याग्रहाची धुरा उचलली आणि म्हातारपणी तुरुंग पत्करला. पक्षितज्ज्ञ सलीम अली हेही याच गोतावळ्यातले. मुंबईत तय्यबजींच्या नावाचा रस्ता आहे. पण रस्त्याच्या पाटीवरचे नाव कोणी वाचतो, कोणी वाचत नाही. त्यांची खरी मागे उरलेली मिळकत म्हणजे अंजुमनच्या वर्गांत रोज सकाळी भरणारी हजेरी. त्या हजेरीत त्यांचे नाव नसते. शिकणाऱ्या मुलामुलींचे असते. शाळा काढणाऱ्याला याहून दुसरे काय हवे?

पालक बंधू-भगिनींनो, या चरित्रातून आपण काय घ्यायचे? आपल्या मुलांनी नाव काढावे असे आपल्या प्रत्येकाला वाटते. तसे वाटलेच पाहिजे. परंतु मुल्ला तय्यब अलींनी मुलांना प्रसिद्ध करण्यासाठी परदेशी पाठवले नव्हते. शिकवण्यासाठी पाठवले होते. नाव मागून आले. आपण मात्र कधी कधी उलटे करतो. शेजाऱ्याच्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात आला की आपल्या मुलाला टोचून बोलतो. त्याचा अभ्यास अर्धा राहिला, परीक्षेत एखादे वर्ष गेले, तर घराण्याचे नाव बुडाले म्हणतो. तय्यबजी अर्धा अभ्यास टाकून घरी आले तेव्हा घरच्यांनी त्यांना तसे म्हटले असते, तर ते पुन्हा लंडनला गेले असते का? मुलगा अडखळला तर त्याला वर्षभर सावरू द्यावे. आणि घरात मुलगी हुशार असेल तर तिच्या फीसाठी हात आखडता घेऊ नये. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बापाने जे धैर्य दाखवले त्याच्या दशांश धैर्य आज पुरेसे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे खरोखर प्रसिद्ध व्हाल. खेळात व्हाल, कलेत, विज्ञानात, न्यायालयात किंवा लोकसेवेत व्हाल. त्या दिवशी एवढे ध्यानात ठेवा की नाव ही अमानत आहे. तुमच्या वडिलांचे कष्ट, आईची जागरणे, मास्तरांचा घसा, गावाने दिलेली वर्गणी, हे सारे त्या नावात जमा असते. ज्याची अमानत त्याला ती परत करावी लागते. तय्यबजींनी आपले नाव अंजुमनच्या कामी लावले, एकीसाठी पणाला लावले आणि न्यायासनावर बसताना बाजूला ठेवले. जे प्रसिद्ध होणार नाहीत, आणि आपल्यापैकी बहुतेक जण होणार नाहीत, त्यांनीही खट्टू होऊ नये. अंजुमनच्या पहिल्या शाळेत शिकवणारे शिक्षक, तिला वर्गणी देणारे छोटे दुकानदार, मुलाला बोट धरून शाळेत आणून सोडणारे कष्टकरी बाप यांची नावे आज आपल्यापैकी कोणाला सांगता येत नाहीत. पण ते नसते तर बद्रुद्दीन तय्यबजींच्या नावाने एकही वर्ग भरला नसता.